उघडी वर्दी

येरळापूरच्या अग्निशमन दलात अंगावरच्या खाकी कपड्यांना कुणी वर्दी म्हणत नाही. त्याला गणवेश म्हणतात. वर्दी म्हणजे सांगावा. कुठं आग लागली, कुणी विहिरीत पडलं, कुणाच्या गच्चीवरची टाकी कलली, की कुणीतरी धावत येतं नाहीतर फोन करतं आणि म्हणतं, या हो लवकर. ती वर्दी. मग घंटा होते, बंब निघतो आणि केंद्रातल्या जाडजूड वहीत चार रकाने भरले जातात. वेळ. ठिकाण. वर्दी देणाराचं नाव. आणि सगळ्यांत शेवटी, कडेला दाबून बसवलेला एक अरुंद रकाना: वर्दी बघितली. तिथं सही.

या अरुंद रकान्याची ओळख यशवंत बुरुंगलेला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात झाली. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चक्कीनाका केंद्रावर तो चालक म्हणून नवा होता. कचऱ्याच्या ढिगाला आग लागल्याची वर्दी होती, आणि बंब निम्म्या वाटेवर असतानाच वायरलेसवर निरोप आला की लोकांनीच विझवली, परत या. यशवंतनं चाक फिरवलं, तर शेजारी बसलेल्या इब्राहिम मुल्लांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"कुठं निघालास?"

"माघारी. विझली म्हणतायत, साहेब."

"तू बघितलीस?"

"नाही."

"मग विझली नाही. येशा, वर्दी बघितल्याशिवाय गाडी फिरवायची नाही. ज्यानं बोलावलं तो दारात उभा असतोय. त्याला तोंड दाखवायचं, सगळे ठीक आहात का विचारायचं, मग फिरायचं."

"आणि वाटेत दुसरी मोठी वर्दी आली तर?"

"तर वळायचं. पण वळताना वायरलेसवर दोन शब्द टाकायचे. वर्दी उघडी. एवढं ऐकलं की केंद्रातला दुसरा बंब काही न विचारता निघतोय. ताटातला भात ताटात ठेवून निघतोय. अरे, दारातल्या माणसाला सायरन जवळ येताना ऐकू येतो, मग लांब जाताना ऐकू येतो. त्याला वाटतं, आपल्याला सोडून गेले. दुसरा सायरन लागलीच त्याच्या कानावर पडला पाहिजे."

त्या दिवशी ते कचऱ्याच्या ढिगापर्यंत गेले. ढीग विझलेलाच होता. एक म्हातारी हातात रिकामी कळशी घेऊन उभी होती. मुल्ला खाली उतरले आणि तिला विचारलं, "सगळे ठीक आहात का, मावशी?" म्हातारी म्हणाली, "आता हाय."

पुढं वर्षं गेली, साहेबांचे चाचा झाले. यशवंतला ज्या ज्या गोष्टी आल्या, त्या चाचांच्या हाताखाली आल्या. धुरात जमिनीलगत कसं सरपटायचं, घाबरलेल्या बाईशी आवाज न चढवता कसं बोलायचं, जळून गेलेल्या घरातून निघताना मागं वळून घराला हात कसा जोडायचा.

*

उन्हाळे मात्र वाढत गेले. शेहेचाळीस अंशांचं आता कुणाला नवल वाटेना. दुपारी रस्ते ओस पडत, गच्च्या तापत, आणि माणसांची काळजं बसल्या जागी बंद पडत. आगीपेक्षा माणसंच जास्त विझायला लागली.

त्याच काळात ती पट्टी आली. तिच्यामागचा शोध तसा साधा होता. निरोगी काळीज घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमीजास्त होत असतं. श्वास घेतला की ठोके जवळ येतात, सोडला की लांबतात. ओवी म्हणणारीचा ठेका जसा शब्दाबरोबर सैल होतो, घट्ट होतो, तसं. बंद पडायच्या आधी काळजाचा हा मोकळेपणा जातो. ठोके मोजून ठेवल्यासारखे एकसारखे पडू लागतात, आणि त्याच्या स्नायूतून धावणारी विजेची लाट कडेनं विरायला लागते, धुऊन धुऊन जुन्या झालेल्या लुगड्यासारखी. माणसाला काही कळत नाही. फार तर जरा उलघाल होते. पण छातीवर चिकटवलेल्या, टिकलीपेक्षा थोड्या मोठ्या पट्टीला ते कळतं. सरासरी नऊ मिनिटं आधी.

नऊ मिनिटांत पोचणार कोण, हा प्रश्न होता. रुग्णालयांच्या गाड्या रुग्णालयांच्या दारात उभ्या, आणि रुग्णालयं सगळी स्टेशन रस्त्याच्या एका अंगाला. अग्निशमन केंद्रं मात्र जुन्या लोकांनी नकाशावर दोरी ताणून वसवलेली. कुठल्याही दारात पाच मिनिटांत बंब. तिथली माणसं चोवीस तास पायात बूट घालून बसलेली. महापालिकेनं प्रत्येक केंद्राला एक एक पांढरी गाडी दिली, तिच्यासाठी परिचारिका दिल्या, आणि बंबावरच्या सगळ्यांना छाती दाबायला शिकवलं.

तेव्हापासून जो वाद सुरू झाला तो थांबला नाही. डॉक्टर म्हणत, पाणी मारणाऱ्या हातांचं हे काम नव्हे. एक खासगी कंपनी सगळ्या शहराच्या रुग्णवाहिका चालवायला मागत होती. दलातही कुरकुर होतीच. "आपण आगीचे गडी," लोक म्हणत, "आपल्याला दवाखान्याचे हमाल केलं." चाचा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. छाती दाबायच्या शिक्षणाला पहिलं नाव त्यांनी लिहिलं.

"घरात असायला पाहिजे ती गोष्ट आपली जागा सोडून वागायला लागली, म्हणजे आग," ते म्हणाले. "चुलीतली असो नाहीतर छातीतली. बोलावलं की जायचं. त्यात आणि काय विचारायचं असतं?"

यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. यशवंतनं त्याला पिंगळा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव सगळ्या केंद्रांत रुजलं. कोंबडं आरवायच्या आधी कंदील घेऊन दारोदार फिरणारा, पाखराची भाषा कळते म्हणणारा, पुढचं सांगणारा पिंगळा त्यानं लहानपणी बघितला होता. आई त्याच्यावर ओवी म्हणायची.

*पिंगळा गं बोलयीतो, येशीच्या चिंचेवरी*
*सांगावा कुणाचा गं, कुणाच्या ओटीवरी*

पुढची कडवी त्याला आठवत नसत.

पिंगळ्याच्या वर्दीला फोन नव्हता, धावत आलेला माणूस नव्हता. घंटा व्हायची आणि पडद्यावर बाण उमटायचा. नाव दिसायचं नाही, की ओळखीपाळखी आड येऊ नयेत. वहीत तिसरा रकाना आपोआप छापून यायचा: वर्दी देणार, यंत्र. आणि गाडी वाटेत असताना जवळपास दुसरं काळीज फाटायला लागलं, तर पिंगळा दोघांचं गणित मांडायचा. जिथं वाचण्याचा संभव जास्त, तिकडं बाण फिरायचा. याला वळती म्हणत. पहिल्याकडं दुसऱ्या केंद्राची गाडी जायची, मोकळी असली तर.

वळती झाली की काय बोलायचं, हे नियमांच्या पुस्तकात नव्हतं. पडद्यावर तसं बटणही नव्हतं.

*

मे महिन्यातला मंगळवार. दुपारी दोन वाजून नऊ मिनिटांनी चक्कीनाक्यावर घंटा झाली. यशवंत चाकावर, मागं सलोमी गायकवाड. सलोमी मिशन दवाखान्यात शिकलेली परिचारिका, दलात तिसरं वर्ष. बंबावरची चार माणसं पंख्याखाली ताक पीत बसली होती.

"जा, जा," त्यातला एक म्हणाला. "तुमचं ताक आम्ही सांभाळतो."

"सांभाळता म्हणजे पिता," सलोमी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

गाडी विजेवर चालणारी, स्वतःचा आवाज नसलेली. त्यामुळे सायरन तेवढा ऐकू यायचा. बाण शांतिबन वसाहतीकडं होता. नवी वसाहत, सारख्या रंगाची घरं. यशवंत तिथं कधी गेला नव्हता. पाण्याच्या टाकीचा कोपरा आला. समोर गल्ली दिसत होती. दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

पडदा पिवळा झाला. बाण डावीकडं फिरला. पहिल्या ठिकाणी शंभरात अकरा, दुसऱ्या ठिकाणी शंभरात चौसष्ट.

"वळती," सलोमी मागून म्हणाली. "बाकीच्या गाड्या?"

"सगळ्या बाहेर."

यशवंतचा पाय क्षणभर उचलला गेला. बावीस वर्षांची सवय होती ती. समोर ती गल्ली, गल्लीत कुठलंतरी दार. जिभेवर दोन शब्द आले होते. हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं, की आले होते. मग वाटलं, ही कुठं माणसाची वर्दी आहे? कुणी बोलावलेलं नाही. दारात कुणी उभं नाही. ज्याचं काळीज थकलंय त्यालाही अजून पत्ता नसेल. यंत्रानं पाठवलं, यंत्रच वळवतंय.

त्यानं चाक डावीकडं फिरवलं. वायरलेस गप्प राहिला.

शिंपी आळीत एकोणतीस वर्षांची बाई शिलाई मशीनवर कपाळ टेकून पडली होती. सलोमीनं दोनदा झटका दिला. तिसऱ्या वेळी बाईनं श्वास ओढला आणि पहिला प्रश्न विचारला, तो अर्धवट राहिलेल्या झंपराचा. सलोमी हसली. यशवंतही हसला. त्या हसण्याची त्याला पुढं फार लाज वाटली.

पाळी संपायला आली तेव्हा फोनवर, दलातल्या आजी-माजी लोकांच्या गटावर निरोप आला. मुल्लासाहेब गेले. दुपारी दोन अठरा. मुलीच्या घरी, शांतिबन वसाहत, तिसरी गल्ली.

यशवंतनं निरोप वाचला. मग गाडीत जाऊन पडद्यावर दुपारचा पहिला बाण उघडला. शांतिबन. तिसरी गल्ली. चाचा आठ महिन्यांपूर्वी मुलीकडं राहायला गेले होते, आणि पत्ता लिहिलेला कागद यशवंतच्या पाकिटात होता. जाऊ, जाऊ म्हणता म्हणता त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

त्याच्या डोक्यात आपोआप हिशोब मांडला गेला, चाचांनीच शिकवलेला, वेळेचा हिशोब. दोन बाराला वळलो. चक्कीनाक्याहून शांतिबन चार मिनिटं. बंब दोन सोळाला दारात. काळीज थांबलं दोन अठराला. बंबात झटका द्यायची पेटी होती. चार माणसं होती. ती ताक पीत होती.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं कबरीत तीन मुठी माती टाकली. माती कोरडी होती, बोटांतून वाऱ्यानंच उडाली.

परतताना कब्रस्तानाच्या भिंतीच्या सावलीत सलोमी थांबली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"बुरुंगलेदादा, चाचांचा संभव शंभरात अकरा होता."

"अकरा, गाडी गेली असती तर. गाडी वळल्यावर बंब धरला असता तर?"

"ते कुणी मांडलंच नाही."

"मांडणार कसं? मी बोललो तर मांडतील ना."

सलोमीनं पायाजवळचा खडा चपलेनं फिरवला. "चौकशी लागणार," ती म्हणाली. "त्या कंपनीला आयतं मिळालंय, दलाच्याच माणसाला दलाची गाडी सोडून गेली म्हणून. पण नोंदीत तुमची काही चूक नाही. वळती यंत्राची. बटण पडद्यावर नाही. त्या दोन शब्दांचं कुणाला ठाऊकही नाही आता, तुम्हा जुन्या लोकांना सोडून. तुम्ही बोललात तर तुमची नोकरी जाईल आणि आपली गाडीपण जाईल. गप्प राहा. मी पाया पडते हवं तर."

"पाया नको पडूस," यशवंत म्हणाला. "येशूबाबा रागावेल."

ती हसली नाही. तोही हसला नाही.

तीन आठवडे तो गप्प राहिला. जेवला, कामावर गेला, वळती आली तर वळला. फक्त गाडीतला सायरन त्याला वेगळा ऐकू यायचा. एरवी जवळ येणारा आवाज तो ऐकायचा. आता लांब जाणारा ऐकू यायचा. बायको सुवर्णा म्हणाली, "तुम्ही माणसाशी बोलताना मागं बघताय. मागं काय आहे?" तो म्हणाला, "गल्ली."

*

सुनावणी महापालिकेच्या सभागृहात होती. सभापती विमलताई शेडबाळे, एक डॉक्टर सदस्य, दलाचे प्रमुख जगदाळेसाहेब, कंपनीतर्फे एक चष्मेवाला गृहस्थ. प्रश्न कागदावर साधा होता: रुग्णवाहिका अग्निशमन दलाकडे ठेवाव्यात की नाही. जगदाळेसाहेबांनी आकडे वाचले. तीन वर्षांत किती पोचलो, किती वाचले. चष्मेवाल्यानंही आकडे वाचले. यंत्राची वळती बरोबर होती यावर सगळ्यांचं एकमत होतं. शिंपी आळीतली बाई जिवंत होती. गाडी जिथून तिच्याकडं वळली त्या टाकीच्या कोपऱ्यावर ती नंतर फुलं ठेवून गेली, असंही कुणीतरी सांगितलं.

मग तबस्सुम उठली. चाचांची एकुलती मुलगी, महापालिकेच्याच शाळेत शिक्षिका. वर्गात बोलावं तशी सावकाश बोलत होती.

"दुपारी अब्बांची पट्टी थरथरली. तशी ती बारीकच थरथरते, पुष्कळांना कळतही नाही. त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, तब्बू, दार उघड, गाडी येतीय. स्वतः खुर्ची दारात ओढली आणि बसले. सदऱ्याची बटणं काढून ठेवली, येणाऱ्यांना सोपं जावं म्हणून. सायरन ऐकू आला. टाकीच्या कोपऱ्यापर्यंत आला, आणि मग लांब गेला. मी बाहेर पळणार होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, वळली. तिकडं जास्त गरज असेल. तू थांब, आता बंब येतोय."

जगदाळेसाहेबांनी आकड्यांचा कागद पालथा ठेवला.

"मी म्हटलं, अब्बा, आग नाहीये. ते म्हणाले, येतोय गं, निघाला असेल. सहा मिनिटं ते तसे कान देऊन बसले होते. मला गप्प बस म्हणत होते, बंबाचा आवाज ऐकू यावा म्हणून. मी त्यांच्याशी बोललेही नाही. शेवटचं काही बोलले नाही. माझी तक्रार गाडीबद्दल नाही. मला एवढंच विचारायचंय की आग नव्हती, तर ते बंबाची वाट का बघत होते?"

डॉक्टर सदस्य हळुवारपणे म्हणाले, "मेंदूला रक्त कमी पडलं की असं होतं, ताई. माणूस जुन्या दिवसांत जातो. भ्रम असतो तो. त्यांना त्रास नसेल झाला."

तबस्सुमनं मान डोलावली. विश्वास ठेवायला ती तयार होती. खाली बसायला वळलीही होती.

यशवंतच्या शेजारी बसलेल्या सलोमीनं त्याची बाही घट्ट धरली. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी, आणि उभा राहिला.

"भ्रम नव्हता," तो म्हणाला.

"आपण कोण?" विमलताईंनी विचारलं.

"यशवंत बुरुंगले. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो." तबस्सुमकडं त्याला बघवलं नाही, म्हणून तो समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडं बघत बोलला. "आमच्यात रीत आहे. वर्दी न बघता वळावं लागलं, तर वळणाऱ्यानं वायरलेसवर म्हणायचं, वर्दी उघडी. की केंद्रातला बंब निघतो. विचारत नाही. मुल्लासाहेबांनी मला ती शिकवली. चार मिनिटांत बंब आला असता. ते हिशोबानं वाट बघत होते. त्यांचा हिशोब बरोबर होता. मी ते दोन शब्द बोललो नाही."

चष्मेवाले गृहस्थ पुढं सरकले. "म्हणजे दलाची चूक मान्य आहे."

"माझी मान्य आहे."

"का बोलला नाहीत?" विमलताईंनी विचारलं. "विसरलात?"

"विसरलो असतो तर बरं झालं असतं, ताई. तोंडात आले होते. मला वाटलं, ही वर्दी यंत्राची आहे. कुणी माणसानं दिलेली नाही. मग दारात कोण उभं असणार?"

आता त्यानं तबस्सुमकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी हिशोब लागत होता तिथं. अब्बा शुद्धीत होते. शेवटपर्यंत शुद्धीत होते. ते कळणं तिला हवं होतं की नको होतं, हे यशवंतला ओळखता येईना.

"मग तुमचं म्हणणं काय?" विमलताई म्हणाल्या. "गाड्या दलाकडे ठेवायच्या की काढून घ्यायच्या?"

"ठेवायच्या. यंत्र वळवणार ते वळवणारच. दोन काळजं आणि एक गाडी, तर कुणाचं तरी दार सुटणार. कंपनीची गाडी वळली की तिच्या मागं काही नसतं. आमच्या मागं बंब असतो. पाण्याचा असला तरी त्यात चार माणसं असतात, पेटी असते. आणि काही नाही झालं तरी, माणसाच्या दारात माणूस असतो. फक्त वळणाऱ्यानं तोंड उघडायला पाहिजे. मी उघडलं नाही, म्हणून रीत खोटी ठरवू नका."

तो खाली बसला. सलोमी रडत होती आणि त्याच्यावर चिडलेलीही होती. "झालं समाधान?" ती पुटपुटली. त्यानं मान हलवली. समाधान नव्हतं.

*

निकाल पावसाळा सरताना लागला. गाड्या दलाकडे राहिल्या. नियमांच्या पुस्तकात एक ओळ वाढली: वळती झाल्यास चालकाने 'वर्दी उघडी' असे उच्चारावे, केंद्रातील बंबाने तत्काळ निघावे. बटण नको, बोलायचंच, असा आग्रह जगदाळेसाहेबांनी धरला. बटण सवयीनं दाबलं जातं, ते म्हणाले, शब्द तोंडातून काढावा लागतो.

यशवंतला चाकावरून उतरवलं. वर्षभर वायरलेसच्या खोलीत.

तिथं बसल्यावर आठव्या दिवशी त्यानं ते शब्द पहिल्यांदा ऐकले. आवाज सलोमीच्या गाडीतल्या नव्या चालकाचा होता, जरासा लाजल्यासारखा. "चक्कीनाका, वर्दी उघडी." यशवंत काही बोलायच्या आधीच खाली फाटक सरकल्याचा आवाज आला. खिडकीतून त्यानं बंब जाताना बघितला. एकाच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता.

ज्या आजोबांकडं बंब गेला ते वाचले नाहीत. पण फायरमननं परत येऊन सांगितलं की घरातली माणसं बंब बघून आधी दचकली, मग त्यांतल्या एका बाईनं त्याचा हात धरला तो तासभर सोडला नाही. यशवंतनं वहीत नोंद केली. शेवटच्या रकान्यात फायरमननं सही केली. ते पान उलटताना मागची पानं फडफडली, आणि मे महिन्यातला तो मंगळवार वर आला. दोन वाजून नऊ मिनिटं. शांतिबन, तिसरी गल्ली. वर्दी देणार, यंत्र. शेवटचा रकाना कोरा होता.

बावीस वर्षांच्या वह्यांत त्यानं कोरा रकाना बघितला नव्हता.

जगदाळेसाहेबांना विचारून त्यानं वही काखेत घेतली. शांतिबनपर्यंत बसनं गेला, पाण्याच्या टाकीजवळ उतरला. तिथून चालत निघाला. गाडीतून ती गल्ली लांब वाटली होती. दोनशे बारा पावलं भरली.

दारात खुर्ची तशीच होती. तबस्सुमनं दार उघडलं, त्याच्याकडं बघितलं, काखेतल्या वहीकडं बघितलं.

"वर्दी बघायला आलोय," यशवंत म्हणाला.

"उशीर केलात, काका."

"हो."

ती बाजूला सरली. तो आत गेला नाही, उंबऱ्याशीच थांबला. आतून तव्यावर काहीतरी भाजल्याचा वास येत होता. भिंतीवर चाचांचा गणवेशातला फोटो होता.

"बघायचं म्हणजे काय करायचं असतं?" तिनं विचारलं.

"काही नाही. घरातल्या माणसाला तोंड दाखवायचं. आणि विचारायचं."

"काय?"

"सगळे ठीक आहात का."

"मग विचारा."

यशवंतला विचारता येईना. शब्द तोंडात आले होते, मेमधल्या त्या दुपारी आले होते तसेच. गल्लीच्या टोकाशी एक सायकल घंटी वाजवत गेली. तबस्सुम थांबली होती. तिच्या अब्बांसारखीच, कान देऊन.

"सगळे ठीक आहात का, बाळ?"

"नाही," तबस्सुम म्हणाली. इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नसावं, किंवा विचारलं असेल तर उत्तराची वाट न बघता. ती चाचांच्या खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. यशवंत उभा राहिला. रीतच तशी होती. माणूस दारात असेतो हलायचं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि वहीकडं हात केला. "बघू."

त्यानं पान उघडून दिलं. तिनं शिक्षिकेच्या सवयीनं बोट ठेवत रकाने वाचले आणि तिसऱ्यावर थांबली.

"वर्दी देणार, यंत्र. हे बरोबर आहे का, काका? पट्टी थरथरायच्या आधीच अब्बांना कसंतरी होत होतं. पाणी माग, पंखा वाढव, चाललं होतं. यंत्राला कुणी सांगितलं?"

यशवंतला आईची ओवी आठवली. पुढचं कडवं, जे त्याला कधीच आठवायचं नाही ते, कुणी हात धरून आणावं तसं समोर येऊन उभं राहिलं.

*पिंगळा गं पाखरू, त्याची गं जीभ उसनी*
*सांगावा धाडीयिला, दुखऱ्या काळजानी*

त्यानं खिशातलं पेन काढलं. आधी शेवटच्या अरुंद रकान्यात सही केली. मग तिसऱ्या रकान्यातला छापील शब्द एका रेघेनं खोडला आणि त्याच्यावर, जागा थोडी असल्यामुळं बारीक अक्षरांत, वर्दी देणाराचं नाव लिहिलं.

इब्राहिम दस्तगीर मुल्ला. स्वतः.